ऋजूचे कान

‘त्या पाण्याला कुंपण आहे का?’ सुनेत्राताईंनी विचारलं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. दिवाड बेटावरच्या त्या घराचे सगळे फोटो मला एव्हाना पाठ झाले होते. लाल कौलं, पुढे रुंद व्हरांडा, त्यात दोन आरामखुर्च्या, आणि मागच्या बाजूला माडांच्या सावलीत स्विमिंग पूल. कुंपण नव्हतं. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या की फरशी, आणि फरशी संपली की पाणी.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘पण आपण एवढी माणसं असणार. कुणी ना कुणी बाहेर असेलच.’

‘आणि पोरं रांगत तिकडं निघाली तर?’

‘हाक मारायची,’ अभिनंदन म्हणाला, आणि हसला.

सुनेत्राताई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप परत माझ्याकडे सरकवला आणि सतरंजीवर खेळणाऱ्या दोन्ही पोरांकडे बघत बसल्या.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आम्ही तेव्हाही सांगलीला विश्रामबागेत राहत होतो आणि आजही तिथंच राहतो. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, मार्केट यार्डात हळदीची अडत. ती भरतदादा, म्हणजे माझे थोरले दीर, आणि माझा नवरा अभिनंदन असे दोघं मिळून बघायचे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सुनेत्राताई माझ्या थोरल्या जाऊ. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. मी लग्न होऊन आले, आणि पुढच्याच वर्षी आम्हा दोघींना एकदमच दिवस राहिले. आधी मला श्रेयांस झाला आणि महिन्याच्या आत त्यांना ऋजुता. सासूबाई म्हणायच्या, धाकटीच्या पायगुणानं थोरलीची कूस उजवली. त्या हे सुनेत्राताईंच्या देखत म्हणायच्या आणि सुनेत्राताई ते ऐकून घ्यायच्या.

माझी रजा संपली तसं श्रेयांसला दिवसभर त्याच सांभाळू लागल्या. दोन पोरं एका सतरंजीवर, दोन वाट्यांत एकच खिमट. ऋजू रडकी आणि किरकिरी, कुणी दार लोटलं तरी जागी होणारी. श्रेयांस शांत. दिवाळीत गल्लीत माळा लागल्या तरी हा पाळण्यात गाढ. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या की आमचा नातू साधूपुरुष आहे.

सहलीची कल्पना भरतदादांची. यार्डातले त्यांचे एक मित्र गोव्याला जाऊन आले होते. हॉटेलात न उतरता त्यांनी अख्खं घरच घेतलं होतं, स्वयंपाकघरासकट. दादा म्हणाले, पोरं लहान आहेत, आपल्यालाही तसंच सोयीचं पडेल. नेहमी नाही म्हणणारे अण्णा या वेळी हो म्हणाले, तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच नवल वाटलं. घर शोधायचं काम माझ्यावर आलं, कारण असली कामं मला आवडतात. मी बेट निवडलं ते त्याच्या शांततेसाठी. गाडी फेरीबोटीत चढवायची, नदी ओलांडायची, आणि पलीकडे भातशेतं, चर्च आणि जुनी घरं. गर्दी नाही, दारूची दुकानं दारात नाहीत.

सासूबाईंच्या अटी होत्या. त्या स्वयंपाकघरात मासे शिजलेले असणार, तेव्हा भांडी आपली न्यायची, शेगडीसुद्धा आपलीच. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, तेव्हा कुठंही फिरायला गेलो तरी त्याआधी परत यायचं. मी सगळ्याला होकार भरला. घरमालकीण लोर्नाबाई म्हणून होत्या. त्यांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या कोंकणी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या की, आणा तुमची भांडी, मला घासायला तेवढी कमी.

अडचण फक्त सुनेत्राताईंची होती. स्विमिंग पूलला कुंपण नाही, हा पहिला आक्षेप. मी लोर्नाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वरून जाळी टाकून देते. मग आक्षेप आला की रात्री फेरीबोट बंद असते, पोर आजारी पडलं तर पलीकडे कसं न्यायचं. मी चौकशी केली, तर दुसऱ्या बाजूनं बोट उशिरापर्यंत असते असं कळलं. मग त्या म्हणाल्या, बेट म्हणजे चारी बाजूंनी नदीच, आणि पोरं आता उभी राहायला लागतील. मी अभिनंदनकडे कुरकुर केली. तो म्हणाला, वहिनींना एवढ्या वर्षांनी मूल झालंय, त्या घाबरणारच, तू मनावर घेऊ नकोस. घरात सगळ्यांनी तसाच अर्थ लावला होता आणि मीही तोच लावला.

पुढच्या रविवारी सगळे जेवायला बसले असताना मी सांगितलं की उद्या बुकिंग पक्कं करते, जानेवारीतले दिवस लोर्नाबाईंनी आपल्यासाठी धरून ठेवलेत.

सुनेत्राताई वाढत होत्या. त्यांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं.

‘थोडं थांबूया,’ त्या म्हणाल्या. ‘ऋजूला ऐकू येत नाही असं मला वाटतंय.’

घास हातात घेऊन सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. सासूबाईंना वाटलं आपण काही भलतंच ऐकलं, म्हणून त्यांनी परत विचारलं. सुनेत्राताईंनी तेच वाक्य तसंच पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, बरेच दिवस झाले, मनात शंका आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठं जायचं नको.

भरतदादा ताटावरून उठले. हात न धुताच परसात गेले, आणि धुण्याच्या दगडावर बसून रडले. अण्णा त्यांच्यामागे गेले. मी खिडकीतून पाहिलं, अण्णा नुसतेच शेजारी उभे होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं हमसून रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई मात्र चिडल्या. म्हणाल्या, नऊ वर्षांनी झालेलं लेकरू, त्याच्याबद्दल आईनं असलं तोंडातून काढू नये. बोललेलं लागतं. मिळालेलं सुख तुला पचत नाही. हे त्या पुढचे काही दिवस बोलत राहिल्या, कधी तोंडावर, कधी शेजारणीपाशी. निपाणीहून सुनेत्राताईंची आई आली. लेकीच्या गळ्यात पडून रडली आणि कुठल्या कुठल्या क्षेत्राला जाऊन काय काय करायचं ते सांगून गेली. भरतदादा सुनेत्राताईंशी बोलायचे थांबले. राग नव्हता, त्यांना बोलणंच सुचत नव्हतं. ते ऋजूला मांडीवर घेऊन बसायचे आणि तिच्या कानाशी चुटक्या वाजवायचे. ऋजू त्यांची बोटं पकडायची.

मला तर ते पटतच नव्हतं. मी एकदा ऋजूच्या पाठीमागं किल्ल्यांचा जुडगा वाजवला, ती चटकन वळली. मी सुनेत्राताईंना बोलावून ते दाखवलं.

‘कधी वळते, कधी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘एकदा खात्री करून घेऊ. मिरजेला कानाचे डॉक्टर आहेत, मी वेळ घेतलीय. ह्यांच्यानं तिथं बसवणार नाही. तू चलशील?’

मी म्हटलं, चलते की.

‘श्रेयांसलाही घे. बरोबरीचं दुसरं मूल असलं की त्यांना फरक कळतो.’

मला ते बरोबर वाटलं. प्रयोग म्हटला की तुलनेला दुसरा नमुना लागतो, हे मी वर्गात रोज सांगत होते.

मिरजेचा तो दवाखाना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टरांनी आधी दोन्ही पोरांचे कान बॅटरीनं पाहिले आणि आतल्या खोलीत पाठवलं. तिथं तपासणी करणारी एक मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं समजावून सांगितलं की कानात इअरफोनसारखं एक छोटं बोंडूक ठेवायचं, ते आवाज सोडतं, आतला कान ठीक असेल तर त्याचा प्रतिसाद येतो आणि मशीन तो टिपतं. मुलाला काही करावं लागत नाही, फक्त गप्प राहायचं.

ऋजूला गप्प ठेवणं सोपं नव्हतं. सुनेत्राताईंनी तिला पाजायला घेतलं, तेव्हा कुठं ती स्वस्थ झाली. मशीनवर हिरव्या रेघा उमटल्या. मग दुसरा कान. पुन्हा हिरव्या.

‘छान आहे,’ ती मुलगी म्हणाली. ‘दोन्ही कान व्यवस्थित आहेत. काळजी करू नका.’

मला इतकं बरं वाटलं की मी सुनेत्राताईंचा हात धरला. त्यांनी ऋजूकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर माझ्या मांडीवर होती, श्रेयांसकडे.

‘ह्यालाही बघून घ्या,’ त्या त्या मुलीला म्हणाल्या. ‘आलोच आहोत तर.’

श्रेयांसला पाजावं लागलं नाही. बोंडूक कानात घालून घेताना तो माझ्या बांगडीशी खेळत होता. रेघा आल्या नाहीत. मुलीनं बोंडूक काढलं, पुसलं, दुसऱ्या मापाचं लावलं. मग दुसरा कान. मग पुन्हा पहिला. ती बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी स्वतः एकदा करून पाहिलं. मग खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले आणि सावकाश बोलू लागले. सर्दीमुळंही असं येतं, पण याच्या कानात तसं काही दिसत नाही. झोपवून करायची एक मोठी तपासणी असते, ती झाली की नक्की काय ते कळेल. ती याच आठवड्यात करू. थांबण्यात अर्थ नाही. या वयात एकेक महिना मोलाचा असतो.

मी काय काय विचारलं ते आठवत नाही. बरेच प्रश्न विचारले असणार, कारण ते बराच वेळ उत्तरं देत होते.

बाहेर जिन्याजवळ एक बाक होता. आम्ही तिथं बसलो. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. श्रेयांस माझ्या खांद्यावर झोपला.

‘तुम्हाला माहीत होतं,’ मी म्हणाले.

‘वाटत होतं.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीच्या आधी माझ्या हातून परात पडली. तुला माहितीय ती पितळी. ऋजू दचकून रडायला लागली. हा तिच्याकडं बघत बसला, ही का रडतेय म्हणून. त्यानंतर रोज बघत होते. तू कॉलेजला गेलीस की. वाटी वाजवायची, दार आपटायचं. तो समोरून बघतो सगळं, फार बघतो. म्हणून तुम्हाला कळलं नाही.’

‘मग ऋजूबद्दल का बोललात? तिला काही नाही हे तुम्हाला ठाऊक होतं.’

‘होतं.’

‘मला सरळ सांगायचं.’

सुनेत्राताईंनी ऋजूचं टोपरं काढलं, पुन्हा घातलं.

‘नऊ वर्षं त्या घरात कुणाच्या बाळाला घ्यायला मी हात पुढं केला, तर बाळ दुसरीकडं वळवत होते,’ त्या म्हणाल्या. ‘श्रेयांसच्या पहिल्या महिन्यात तुझ्या आईनंसुद्धा वळवलं. तुझ्या लेकराला ऐकू येत नाही असं मी बोलले असते, तर घरात काय झालं असतं? तू त्याला माझ्याकडं ठेवलं असतंस का? आणि मग इथं कुणी आणलं असतं?’

मी श्रेयांसला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

‘आपल्या पोरीबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तुम्ही त्या बेटावर जायला निघालेला. तो पाण्याकडं निघाला असता आणि तुम्ही सगळे मागून हाका मारत बसला असता.’

रिक्षात त्यांनी एवढंच सांगितलं की घरी गेल्यावर श्रेयांसचं सांग, बाकीचं सांगू नकोस. म्हणाल्या, मी मुद्दाम खोटं बोलले हे सासूबाईंना कळायला नको.

घरी सगळे वाट बघत होते. ऋजूचे कान चांगले आहेत म्हटल्यावर सासूबाईंनी देवासमोर हात जोडले, भरतदादा खाली बसले. मग मी दुसरं सांगितलं. अभिनंदननं श्रेयांसला माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या नावानं हाक मारली, एकदा हळू, मग मोठ्यानं. श्रेयांस झोपलेलाच होता.

पहिल्यांदा सासूबाई बोलल्या, आणि त्या सुनेत्राताईंकडे वळून बोलल्या. म्हणाल्या, तरी मी सांगत होते. तू अभद्र बोललीस. तुझ्या पोरीवरनं उतरलं आणि माझ्या नातवावर आलं.

सुनेत्राताई भिंतीशी उभ्या होत्या. मान खाली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला स्पष्ट दिसलं की त्या हेही ऐकून घेणार आहेत, आज, आणि यापुढेही. त्यांनी ते आधीच गृहीत धरलं होतं.

‘आई, त्यांनी ऋजूबद्दल खोटं सांगितलं,’ मी म्हणाले. ‘त्यांना श्रेयांसचं कळलं होतं. त्या आपल्याला सांगू शकत नव्हत्या. का ते तुम्हाला माहीत आहे.’

मग मी बाकावरचं सगळं सांगितलं, माझ्या आईसकट. मी आवाज चढवला नाही. वर्गात सांगते तसं क्रमानं सांगितलं. अण्णा ऐकून झाल्यावर उठले, सुनेत्राताईंपाशी गेले आणि त्यांनी ऋजूला त्यांच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं. म्हणाले, तू बस, पोरी, सकाळपासून उभी आहेस. सासूबाई देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांनी सुनेत्राताईंची माफी मागितली का, मला माहीत नाही. मागितली असली तरी माझ्यादेखत नाही. पण बोललेलं लागतं हे त्यांचं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

मोठ्या तपासणीतही तेच निघालं. श्रेयांसला आधी कानाची यंत्रं लागली. वर्ष-दीड वर्षाचा असताना पुण्याला कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं. मग बोलायला शिकवणं, रोज, कित्येक वर्षं. सकाळी मी, दिवसा सुनेत्राताई. ऋजूही सतरंजीवर बसून तेच शब्द म्हणायची, त्यामुळे ती फार लवकर बोलू लागली. डॉक्टर म्हणाले होते की एवढ्या लहानपणी आणलेली मुलं त्यांच्याकडे थोडी येतात, बहुतेक येतात ती तीन-चार वर्षांची झाल्यावर. श्रेयांस आता नववीत आहे. काही शब्द अजून त्याच्या तोंडी नीट बसत नाहीत, पण वाद घालताना अडत नाही.

दिवाडला आम्ही गेलो नाही. लोर्नाबाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पोर मोठं झालं की या. पुढे काही वर्षांनी आम्ही गोव्याला गेलो, पण दुसऱ्या बाजूला, साध्याच घरात. ती सहल चांगली झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मिरजेहून आलो त्या दिवसाचं मात्र आणखी एक आठवतं. दिवस मावळायला आला होता. जेवण कुणालाच नको होतं, तरी सुनेत्राताईंनी भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत श्रेयांसला पाजत होते. भरतदादा स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच सुनेत्राताईंशी बोलले.

‘मला तरी सांगायचं होतंस,’ ते म्हणाले.

सुनेत्राताईंनी तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाल्या, ‘तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही परसात जाऊन रडला नसता.’

‘म्हणजे?’

‘तुम्ही रडलात म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं.’

दादा आता काहीतरी बोलतील किंवा उठून जातील असं मला वाटलं. मग ताट ओढल्याचा आवाज आला.

‘वाढ,’ ते म्हणाले. ‘आणि तूही घे. उजेड जाईल.’